मशिदीचा कंदील

'कंदील' हा शब्द आपल्याकडे अरबीतून आला, असे वर्गात सांगितले की मुलांना आकाशकंदील आठवतो. मला कैरोचे काचेचे दिवे आठवतात.

13व्या-14व्या शतकात, मामलुक सुलतानांच्या अमदानीत, इजिप्त आणि सीरियात मशिदी-मदरशांसाठी हे दिवे बनत. फुगीर पोट, वर पसरट गळा, पोटाला काचेच्या कड्या आणि त्यांत साखळ्या. फुंकून घडवलेल्या काचेवर सोने आणि रंगीत काचेची पूड लावून भांडे पुन्हा भट्टीत जाई. आच जरा वाढली की आकारच बिघडला! आत पाण्यावर तेल तरंगे, त्यात वात.

गळ्यावर बहुधा सूरह नूरची 35वी आयत असते. अल्लाहच्या नूरला कोनाड्यातल्या, काचेतल्या दिव्याची उपमा देणारी. पोटावर सुलतानाचे किंवा अमीराचे नाव आणि लांबलचक किताब. अनेक दिव्यांवर आयत निळ्या अक्षरांत आहे, नावाला मात्र जमीन निळी आणि अक्षरे मोकळी. म्हणजे दिवा लागला की उजळायचे ते नाव! कारागिराने हे जाणून केले असणार, असे मला वाटते.

अमीर शेखूच्या दिव्यांवर तर प्याल्याचे चिन्ह आहे. प्याला ही दरबारातल्या साकीच्या हुद्द्याची खूण. आपल्या उर्दू शायरीत साकी आणि मशीद यांचे कधी जमत नाही, इथे प्याला थेट मशिदीत टांगलेला.

पुढे हा हुन्नर ओसरला. 1569मध्ये उस्मानी वजीर सोकोल्लू मेहमेद पाशाने मशिदींसाठी 900 दिवे मागवले ते व्हेनिसहून. 'आपली कला' म्हणताना मी हा आकडा विसरत नाही.

सुलतान हसनच्या नावाचे बरेच दिवे आज कैरोच्या इस्लामी कला संग्रहालयात आहेत. त्याने 1356मध्ये अवाढव्य मशीद-मदरसा बांधायला घेतला. 1361मध्ये त्याचा एक मिनार कोसळून सुमारे 300 जीव गेले, त्यांत मकतबात शिकणारी अनाथ मुले होती. त्याच वर्षी सुलतानही मारला गेला. त्याचा मृतदेह मिळालाच नाही, बांधून ठेवलेल्या मकबऱ्यात तो नाही. दिव्यांवर त्याचे नाव अजून स्वच्छ वाचता येते. त्या मुलांची नावे कुठेच नाहीत.