रडारचा नीरक्षीरविवेक

दूध आणि पाणी वेगळं करणाऱ्या राजहंसाची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो. तसंच काम यंत्रांकडून करून घेण्याचा खटाटोप गेली साठ-पासष्ट वर्षं चालू आहे. आकाशातून येणारं क्षेपणास्त्र नुसतं दिसून भागत नाही, ते ओळखावं लागतं. या ओळखण्याचीच ही कहाणी.

ग्रीनलंडमधल्या थुले इथे अमेरिकेने प्रचंड रडारं उभी केली होती. सोव्हिएत क्षेपणास्त्रं उत्तर ध्रुवावरून निघाली तर सुमारे पंधरा मिनिटं आधी कळावं, हा हेतू. ५ ऑक्टोबर १९६० रोजी तिथून मोठ्या हल्ल्याचा इशारा आला. प्रत्यक्षात नॉर्वेच्या बाजूने चंद्र उगवत होता! रडारच्या लहरी चंद्रावर आपटून परतल्या होत्या. त्यांना जाऊन यायला सुमारे अडीच सेकंद लागतात, पण यंत्राला इतक्या लांबच्या पाहुण्याची कल्पनाच नव्हती. उशिरा आलेला प्रतिध्वनी त्याने जवळच्या वस्तूचा मानला.

चंद्राने काही मुद्दाम फसवलं नव्हतं. शत्रू मात्र मुद्दाम फसवतो. खऱ्या अस्त्राबरोबर तो बुजगावणी सोडतो. साधे चकचकीत फुगेसुद्धा चालतात. कारण वातावरणाबाहेर हवेचा अडथळा नाही. गॅलिलिओने सांगितल्याप्रमाणे तिथे हलकं आणि जड सारख्याच वेगाने जातं. खाली हवेत शिरल्यावर फुगे मागे पडतात, पण तोवर हाती काही सेकंदच उरतात. तरीही त्या सेकंदांवर भिस्त ठेवणारी ‘स्प्रिंट’ क्षेपणास्त्रं अमेरिकेने ‘सेफगार्ड’ यंत्रणेत बसवली. नॉर्थ डाकोटातली ही यंत्रणा १ ऑक्टोबर १९७५ रोजी पूर्ण सज्ज झाली आणि दुसऱ्याच दिवशी प्रतिनिधिगृहाने ती बंद करण्याच्या बाजूने मत दिलं. एकाच वेळी अनेक अस्त्रं आली तर ती पुरी पडणार नाही आणि तिची रडारंच आधी नष्ट होतील, ही भीती होती.

मग वातावरणाबाहेरच निवड करायची कशी? प्रशांत महासागरातलं क्वाजालीन प्रवाळबेट ही या अभ्यासाची प्रयोगशाळा ठरली. कॅलिफोर्नियातून सोडलेली चाचणी-क्षेपणास्त्रं तिथे येत आणि रडारं ती न्याहाळत. १९७० मध्ये तिथे ‘अल्कॉर’ हे रडार सुरू झालं. जुन्या रडारला जिथे नुसता ठिपका दिसे, तिथे याला सुमारे अर्ध्या मीटरपर्यंतचा बारकावा टिपता येई. वस्तूची लांबी किती, ती गिरक्या घेते की डुलते, यावरून ओळख पटवता येऊ लागली.

दुसरा डोळा उष्णतेचा. पातळ फुगा लवकर तापतो, लवकर निवतो; जड अस्त्राला वेळ लागतो. हा फरक अवरक्त किरणांमधून दिसतो. १० जून १९८४ रोजी असाच अवरक्त डोळा लावलेल्या अमेरिकी क्षेपणास्त्राने वातावरणाबाहेर चाचणीचं लक्ष्य थेट धडकून फोडलं.

पण हा डोळाही फसतो. २६ सप्टेंबर १९८३ रोजी सोव्हिएत उपग्रहांनी अमेरिकेतून पाच क्षेपणास्त्रं निघाल्याचं कळवलं. ढगांवरून परावर्तित झालेलं ऊन त्यांना ज्वाळा वाटलं होतं. ड्यूटीवरचे लेफ्टनंट कर्नल स्तानिस्लाव पेत्रोव यांनी विचार केला, युद्धच सुरू करायचं तर कुणी पाचच क्षेपणास्त्रं कशाला सोडेल? त्यांनी वरिष्ठांना ‘खोटा इशारा’ असं कळवलं.

डिसेंबर २०२१ मध्ये अलास्कातल्या क्लिअर इथे जे नवं रडार उभारून झालं, त्याच्या नावातच खरं-खोटं निवडण्याचा उल्लेख आहे. म्हणजे तो जुना प्रश्न अजून संपलेला नाही. इकडे सेन्सर सुधारतात, तिकडे बुजगावणीही सुधारतात.

१९६० मध्ये शंकेला जागा मिळाली ती एका साध्या गोष्टीने. ख्रुश्चेव्ह त्या वेळी संयुक्त राष्ट्रांच्या सभेसाठी न्यूयॉर्कमध्येच होते. आपला नेता अमेरिकेत असताना मॉस्को अमेरिकेवर हल्ला कशी करील? दोन्ही वेळा जग वाचलं, ते पडद्यावर न दिसणारी गोष्ट कुणाला तरी आठवली म्हणून.