सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य आणि न्यायालय : महाराष्ट्रातील परंपरानिष्ठ ख्रिस्ती विचाराचा एक ऐतिहासिक मागोवा (१८३९–२०१४)

प्रस्तावना

पश्चिम भारतातील लेण्यांच्या अभ्यासाचा इतिहास सांगताना डॉ. जॉन विल्सन यांचे नाव टाळता येत नाही. कार्ले, भाजे, बेडसे ही लेणी ज्या मावळात आहेत, तेथील इतिहासाच्या अभ्यासकांना ते चांगलेच परिचित आहे. १८२९ साली मुंबईत आलेले हे स्कॉटिश मिशनरी पुढे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. तथापि १८३९ मध्ये हेच विल्सन एका धर्मांतराच्या प्रकरणात मुंबईच्या सुप्रीम कोर्टापुढे प्रतिवादी होते, ही बाजू त्या मानाने कमी चर्चिली गेली आहे. प्रस्तुत लेखात त्या खटल्यापासून २०१४ च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या निर्णयापर्यंतचा प्रवास तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

येथे ‘परंपरानिष्ठ ख्रिस्ती’ ही संज्ञा मर्यादित अर्थाने वापरली आहे. बायबल हा अंतिम आधार, ख्रिस्ताद्वारेच तारण आणि प्रत्येकाने स्वतः विश्वास ठेवण्याची आवश्यकता, ही तत्त्वे मानणारा प्रवाह तिच्यात अभिप्रेत आहे. हा प्रवाह सिद्धान्ताच्या बाबतीत कर्मठ होता. परंतु ‘विश्वास प्रत्येकाने स्वतः ठेवावयाचा असतो’ या आग्रहामुळे न्यायालयात त्याला व्यक्तिस्वातंत्र्याचा कैवार घ्यावा लागला. या विसंगतीतून आपल्याकडील धर्मस्वातंत्र्याच्या कायद्याला काही अंशी आकार आला, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

१८३९ आणि १८४३ : दोन खटले, दोन निकाल

विल्सन यांच्या शाळेतील धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी तरुणांनी मे १८३९ मध्ये बाप्तिस्मा घेतला. पारशी समाजात प्रचंड खळबळ उडाली. धनजीभाईंच्या नातेवाइकांनी हेबियस कॉर्पसचा, म्हणजे देहोपस्थितीचा, अर्ज केला. मुलाला मिशनरीने अडकवून ठेवले आहे, असा त्याचा रोख होता. धनजीभाई त्या वेळी सोळा-सतरा वर्षांचे होते. न्यायालयाने त्यांना स्वतःच्या इच्छेप्रमाणे जाण्याची मुभा दिली आणि ते विल्सन यांच्याबरोबर राहिले. खटला मिशनने जिंकला, पण शाळा ओस पडली; बहुसंख्य पालकांनी आपली मुले काढून घेतली.

चार वर्षांनी याच प्रश्नाने वेगळे वळण घेतले. सप्टेंबर १८४३ मध्ये नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाला रॉबर्ट नेस्बिट यांनी बाप्तिस्मा दिला. विल्सन तेव्हा भारताबाहेर होते. नारायण यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनमध्ये येऊन राहिला होता. त्याचे वय सुमारे बारा वर्षांचे होते. वडिलांनी न्यायालयात धाव घेतली. न्यायमूर्ती सर अर्स्किन पेरी यांनी मुलाला वडिलांच्या ताब्यात देण्याचा आदेश दिला. मुलाची स्वतःची इच्छा मिशनमध्ये राहण्याची होती; परंतु एवढ्या लहान मुलाच्या इच्छेपुढे पित्याचा अधिकार न्यायालयाने श्रेष्ठ मानला.

या दोन निकालांत एक सूत्र स्पष्ट दिसते. कोणता धर्म खरा, या प्रश्नात न्यायालय शिरले नाही. निर्णय घेण्याइतकी समज या व्यक्तीला आहे काय, आणि नसल्यास तिचा ताबा कोणाकडे, एवढेच त्याने पाहिले. मिशनऱ्यांच्या दृष्टीने मात्र ईश्वराची हाक वयाची मर्यादा पाळत नाही. येथे श्रद्धेची भाषा आणि कायद्याची भाषा प्रथमच एकमेकींसमोर आल्या.

श्रीपतच्या प्रकरणाचा उत्तरार्ध हिंदू समाजात घडला. मिशनमध्ये अन्नग्रहण केलेल्या मुलाला जातीत परत घ्यावे की नाही, यावरून मुंबईच्या ब्राह्मणवर्गात तट पडले. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांनी प्रायश्चित्त देऊन त्याला परत घेण्याचा पक्ष उचलून धरला व त्यासाठी सनातन्यांचा रोष पत्करला. कोर्टाने मुलगा पित्याला परत दिला. समाजात त्याचे स्थान परत देणे कोर्टाच्या हाती नव्हते.

नागरी हक्क आणि परस्परविरोधी मागण्या

धर्मांतराची किंमत वारसाहक्क गमावून मोजावी लागत असे. १८५० च्या एकविसाव्या कायद्याने धर्म बदलल्यामुळे वा जातिबहिष्कृत झाल्यामुळे मालमत्तेचा हक्क बुडणार नाही, असे ठरविले. मिशनऱ्यांनी त्याचे स्वागत केले. बंगाल व मद्रास येथील अनेक हिंदूंनी त्याविरुद्ध अर्ज केले. १८६६ च्या कायद्याने धर्मांतरित व्यक्तीच्या विवाहाचा प्रश्न हाती घेतला. जोडीदार धर्माच्या कारणावरून सहवास नाकारत असेल, तर विहित मुदतीनंतर विवाहविच्छेद मिळू शकेल, अशी ती तरतूद होती. विवाह अभेद्य मानणाऱ्या ख्रिस्ती परंपरेला हे पचविणे सोपे नव्हते. पौलाच्या पत्रातील वचनांचा अर्थ कसा लावावा, यावर ख्रिस्ती मंडळ्यांमध्येच मतभेद होते.

सार्वजनिक जीवनाबाबतही या प्रवाहाची भूमिका एकसंध नव्हती. कंपनी सरकारने मंदिरांची व्यवस्था पाहू नये, यात्रेकरूंवरील कर घेऊ नये, ही मागणी त्याने सातत्याने केली. १८६३ च्या विसाव्या कायद्याने सरकार देवस्थानांच्या व्यवस्थापनातून बऱ्याच अंशी बाजूला झाले. त्याच वेळी सरकारी शाळांत बायबल शिकवावे, अशीही मागणी याच गोटातून होत होती. शासन इतरांच्या धर्मापासून दूर असावे, पण आपल्या धर्माला त्याने वाव द्यावा, हा मोह तेव्हापासूनचा आहे आणि तो एकाच धर्माच्या अनुयायांपुरता मर्यादित नाही.

पुण्यातील शारदा सदनाचा वाद याच प्रश्नाची कोर्टाबाहेरील आवृत्ती होय. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत स्थापलेली ही संस्था पुढील वर्षी पुण्यात आली. धार्मिक बाबतीत तटस्थ राहण्याची हमी होती. परंतु रमाबाईंच्या प्रार्थनेला काही मुली स्वेच्छेने बसू लागल्या. त्यांना अडविणे रमाबाईंना आपल्या विवेकाविरुद्ध वाटले. तर पालकांचा विश्वास सांभाळणे सल्लागार मंडळाला महत्त्वाचे वाटले. १८९३ मध्ये न्या. रानडे व डॉ. भांडारकर मंडळातून बाहेर पडले. रानडे आणि रमाबाई या दोघांचीही भूमिका प्रामाणिक होती. म्हणूनच हा वाद आजही विचारार्ह ठरतो.

घटना समिती आणि नंतरचे निर्णय

शंभर वर्षांपूर्वीचा वयाचा प्रश्न १९४७ मध्ये घटना समितीत पुन्हा उपस्थित झाला. बळजबरीने वा गैरवाजवी दडपणाने झालेले धर्मांतर कायद्याने मानू नये, या प्रस्तावित कलमात अठरा वर्षांखालील व्यक्तीच्या धर्मांतराचाही समावेश करावा, अशी दुरुस्ती क. मा. मुन्शी यांनी सुचविली. आसामचे ख्रिस्ती धर्मोपदेशक सदस्य निकोल्स रॉय यांनी तिला विरोध केला. तरुणालाही विवेक असतो, असे त्यांचे म्हणणे होते. अखेर ते कलमच वगळण्यात आले आणि सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य तसेच धर्म प्रकट करण्याचे, आचरण्याचे व त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य अनुच्छेद २५ मध्ये आले.

‘प्रसार’ या शब्दाचा अर्थ १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्टॅनिस्लॉस खटल्यात मर्यादित केला. आपल्या धर्माची तत्त्वे सांगण्याचा अधिकार आहे. दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा मूलभूत हक्क नाही, असा तो निर्णय होता. १९८६ मध्ये मात्र केरळमधील यहोवाचे साक्षीदार या पंथाच्या तीन मुलांना न्यायालयाने संरक्षण दिले. ती राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण गात नसत, म्हणून शाळेने त्यांना काढून टाकले होते. मुलांच्या प्रामाणिक श्रद्धेचा न्यायालयाने मान राखला. सांगण्याचे स्वातंत्र्य पहिल्या खटल्यात संकुचित झाले. न बोलण्याचे स्वातंत्र्य दुसऱ्यात विस्तारले.

२०१४ : धर्माचा रकाना

मुंबई उच्च न्यायालयातील २०१४ चे प्रकरण या परंपरेतील विलक्षण टप्पा आहे. ‘फुल गॉस्पेल चर्च ऑफ गॉड’ या संघटनेशी संबंधित अर्जदार प्रभू येशू ख्रिस्तावर श्रद्धा ठेवत होते. परंतु ख्रिस्ती धर्म वा अन्य कोणताही धर्म आपण मानत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. तशी नोंद राजपत्रात व्हावी यासाठी केलेला अर्ज शासकीय मुद्रणालयाने फेटाळला. २३ सप्टेंबर २०१४ रोजी न्या. अभय ओक व न्या. अ. श. चांदूरकर यांच्या खंडपीठाने निर्णय दिला की, कोणताही शासकीय प्राधिकारी नागरिकाला आपला धर्म जाहीर करण्याची सक्ती करू शकत नाही. ‘आपण कोणताही धर्म पाळत नाही’ असे म्हणण्याचा हक्क अनुच्छेद २५ मध्येच अंतर्भूत आहे.

या निर्णयाची सर्वसाधारण चर्चा निधर्मी नागरिकाचा विजय म्हणून झाली. परंतु हा दावा आणणारे नास्तिक नव्हते. ‘आमचे नाते ख्रिस्ताशी आहे, धर्मसंस्थेशी नाही’ हा विचार सुवार्तावादी परंपरेत जुनाच आहे. १८३९ मध्ये त्या परंपरेने व्यक्तीला जातीपासून वेगळे करून पाहण्याची मागणी केली होती. २०१४ मध्ये तिच्याच वारसांनी व्यक्तीला ‘धर्म’ या शासकीय वर्गवारीपासून वेगळे करण्याची मागणी केली.

तथापि रकाना कोरा ठेवण्याची किंमत सर्वांना सारखी नाही. अनुसूचित जातींचा दर्जा १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार धर्माशी जोडलेला आहे. शिखांचा १९५६ मध्ये आणि बौद्धांचा १९९० मध्ये त्यात समावेश झाला, ख्रिस्ती दलितांचा झाला नाही. ज्याला या दर्जाची आवश्यकता नाही, त्याच्यासाठी ‘धर्म नाही’ हे विवेकाचे विधान असते. ज्याचे शिक्षण व नोकरी त्यावर अवलंबून आहे, त्याच्यासाठी तोच रकाना उपजीविकेचा प्रश्न ठरतो.

निष्कर्ष

या मागोव्यातून तीन गोष्टी दिसतात. एक, न्यायालयांनी श्रद्धेचे सत्यासत्य न ठरविता वय, दडपण आणि ताबा यांवर लक्ष दिले व हे धोरण मोठ्या प्रमाणात टिकून राहिले. दोन, स्वातंत्र्याची मागणी करणारा पक्ष नेहमीच उदारमतवादी असतो असे नाही. कर्मठ श्रद्धेनेही सर्वांच्या उपयोगी पडणारा हक्क मिळवून दिला आहे. तीन, कायद्याने मान्य केलेला विवेक समाजात वावरण्यासाठी पुरेसा नसतो, हे श्रीपतच्या आयुष्यापासून ख्रिस्ती दलितांच्या स्थितीपर्यंत दिसून येते.

महाविद्यालयीन अध्यापकांचा या प्रश्नाशी दूरचा संबंध नाही. प्रवेशअर्ज तपासताना धर्माचा रकाना भरून घेणारे आपणच असतो, आणि आपल्यासमोर उभा असलेला विद्यार्थी बहुधा धनजीभाईंच्याच वयाचा असतो. त्याने तो रकाना कोरा ठेवला, तर अर्ज अपूर्ण म्हणून परत करण्यापूर्वी त्याला कारण विचारण्याचाही आपल्याला कितपत अधिकार आहे, याचा विचार होणे अगत्याचे आहे.