तळटीप : बोडीचे अवशेष

बोडी : पूर्व कॅलिफोर्नियातील, सुमारे २,५५० मीटर उंचीवरील सोन्याच्या खाणीचे गाव. प्रवासवर्णनांत येथील अवशेष पाहणे म्हणजे १८८० चे भरभराटीचे बोडी पाहणे असे गृहीत धरलेले असते. पुरावा तसे सांगत नाही. त्या सुमारास येथे सात ते दहा हजार माणसे राहत होती. आज शंभराच्या आसपास इमारती उभ्या आहेत. १८९२ आणि १९३२ च्या आगींनी भरवस्तीचा मोठा भाग खाल्ला. खनिज कुटण्याची जी भव्य गिरणी पाहायला लोक मुद्दाम येतात, तीही १८९८ मध्ये जळाल्यावर पुढच्या वर्षी नव्याने बांधलेली. लाकूड आणि भाजीपाला पुरवून गाव जगवणाऱ्या चिनी लोकांची वस्ती तर जवळजवळ पुसलीच गेली आहे, आणि ही उणीव मला सर्वांत गंभीर वाटते.

यावर कोणी म्हणेल, दुकानांच्या फळ्यांवर माल अजून जसाच्या तसा आहे, याहून अस्सल काय हवे? माल खरा आहे. पण तो ओहोटीच्या काळात मागे उरलेल्या थोड्या कुटुंबांचा. शिवाय १९६२ पासून हे राज्य उद्यान आहे. तेथील धोरण इमारतींचे नूतनीकरण न करता त्यांची पडझड थोपवण्याचे आहे, म्हणजे छपरे आणि भिंती गरजेपुरत्या सावरल्या जातात. हे धोरण प्रामाणिक आहे, नव्या रंगरंगोटीपेक्षा कितीतरी बरे. मात्र त्यामुळे टिकते ते उतरणीचे बोडी. भरभराटीच्या बोडीसाठी जुनी वृत्तपत्रे, छायाचित्रे आणि जनगणनेच्या याद्याच पाहाव्या लागतात.