तळणाच्या काळ्या तेलापासून बायोडिझेल. 'लायपेज' नेमकं काय करतं?

संगमनेर : पुणे-नाशिक महामार्गावरचे ढाबे, वडापावच्या गाड्या, लग्नसराईतल्या कढया. तळण झालं की काळपट तेल उरतंच. ते पुन्हा पुन्हा तापवून खाल्लं तर शरीराला अपाय आणि गटारीत ओतलं तर नदी-नाल्यांना. याच तेलापासून डिझेल इंजिनावर चालणारं बायोडिझेल तयार होतं.

नेहमीची पद्धत
तेलात मिथेनॉल आणि थोडा कॉस्टिक सोडा घालून मिश्रण साधारण ६० अंशांवर तापवतात. ढोबळमानाने १०० किलो तेलाला १० ते ११ किलो मिथेनॉल लागतं. त्यातून सुमारे १०० किलो बायोडिझेल मिळतं आणि १० किलो ग्लिसरीन तळाशी बसतं.

अडचण कुठे येते?
तळलेल्या तेलात पाणी आणि मोकळी आम्लं वाढलेली असतात. सोडा या आम्लांना भेटला की साबण होतो. मग बायोडिझेल आणि ग्लिसरीन नीट वेगळं होत नाही, माल वाया जातो.

विकराचा उपाय
इथे लायपेज हे एन्झाइम, म्हणजे विकर, कामाला येतं. खाल्लेलं तेल-तूप आपल्या शरीरात हेच पचवतं. कच्च्या दुधातही ते असतं. दूध-लोणी खवट होण्यामागे त्याचाही हात असतो. लायपेज तेल आणि मोकळी आम्लं या दोन्हींचं बायोडिझेल करतं, साबण होऊ देत नाही. ३५ ते ४५ अंशांची ऊब त्याला पुरते आणि ग्लिसरीनही जास्त स्वच्छ मिळतं.

मर्यादाही आहेत. विकर महाग आहे. सोड्याने एक-दोन तासांत होणाऱ्या कामाला इथे साधारण एक दिवस लागतो. मिथेनॉल एकदम ओतलं तर विकर निकामी होतं, म्हणून ते टप्प्याटप्प्याने घालावं लागतं.

नियम काय सांगतो?
तेलातले 'टोटल पोलर कंपाउंड' २५ टक्क्यांच्या वर गेले तर ते तेल खाण्यासाठी वापरता येत नाही. हा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. रोज ५० लिटरपेक्षा जास्त तेल वापरणाऱ्या व्यावसायिकांनी नोंद ठेवून, उरलेलं तेल नोंदणीकृत संकलकालाच द्यायचं आहे. त्यासाठी अन्न सुरक्षा प्राधिकरणाची 'रुको' योजना आहे. डिझेलमध्ये २०३० पर्यंत ५ टक्के बायोडिझेल मिसळण्याचं केंद्राचं उद्दिष्ट आहे.

हे लक्षात ठेवा
• काळं तेल थेट ट्रॅक्टरच्या टाकीत ओतू नका. ते घट्ट असतं. नोझल चोंदतात, इंजिनात काजळी धरते.
• घरी बायोडिझेल करायला जाऊ नका. मिथेनॉल विषारी आहे आणि चटकन पेट घेतं.
• विकत घेताना माल आयएस १५६०७ या मानकाचा आहे का, ते विचारा.
• तेल थंड करून, गाळून, झाकणाच्या डब्यात साठवा. त्यात पाणी जाऊ देऊ नका.