घंटा वाजवणारा गल्ला

दुकानातल्या कॅमेऱ्याचं कूळ शोधायचं, तर टेलिव्हिजनपाशी थांबून भागत नाही. ते पार अमेरिकेतल्या डेटन गावच्या एका दारूच्या गुत्त्यात जाऊन पोचतं. मालक जेम्स रिटी. नोकर पैसे परस्पर खिशात घालतात हे त्याला कळत होतं, पकडता येत नव्हतं. १८७८ साली युरोपला जाताना म्हणे त्याने बोटीच्या पंख्याचे फेरे मोजणारं यंत्र पाहिलं. फेरे मोजता येतात तर पैसे का नाहीत, असं त्याच्या मनात आलं. भाऊ जॉनच्या मदतीने त्याने १८७९ मध्ये पेटंट मिळवलं. पहिल्या यंत्राला पैशांचा खणच नव्हता! घड्याळासारखी तबकडी, एक काटा डॉलरचा, दुसरा सेंटचा. नाव ‘इनकरप्टिबल कॅशियर’, म्हणजे लाच न खाणारा रोखपाल. नोकरांना टोमणा नावातच होता.

पण नोकराने रकमेची कळ दाबलीच नाही, तर यंत्र काय करणार? आक्षेप बिनतोड आहे. म्हणूनच पुढे खण आला, खणाला घंटा आली, आणि १८८४ मध्ये जॉन पॅटरसनने हा धंदा विकत घेऊन ‘नॅशनल कॅश रजिस्टर’ ही कंपनी उभी केल्यावर छापील पावतीही रुळली. घंटा आतल्या खोलीतल्या मालकाला ऐकू जाई, तशी समोरच्या गिऱ्हाइकालाही. पैसे दिले आणि घंटा वाजली नाही, तर गिऱ्हाईकच चमकायचं. मुंबईच्या इराण्याकडे हे काम वेटरच्या गळ्याने केलं: गिऱ्हाईक उठलं की तो बिलाचा आकडा गल्ल्यावरच्या शेटला ओरडून सांगे, आणि तो आकडा सगळ्या हॉटेलला ऐकू येई. माझ्या मते पाळत टिकली ती यंत्राच्या हुशारीवर नव्हे, या तिसऱ्या साक्षीदारावर.

कॅमेऱ्याने नेमका तोच साक्षीदार वगळला. कोणी म्हणेल, खोटा आळ आलेल्या नोकराला चित्रीकरणच वाचवतं. वाचवतं, पण ते मालकाच्या ताब्यात असतं. नोकराला मागून घ्यावं लागतं, आणि तोवर ते पुसलंही गेलेलं असू शकतं. उलट जुन्या कॅश रजिस्टरच्या माथ्यावर काचेची खिडकी असे. कळ दाबली की आकड्याची पट्टी तिथे वर उसळे, आणि आकडा पट्टीच्या दोन्ही बाजूंना छापलेला असे.