दारावरची वही

वसईच्या किल्ल्याची तटबंदी साडेचार किलोमीटरच्या घरातली, बुरूज अकरा आणि शहरात शिरायचे मोठे दरवाजे दोनच: एक जमिनीकडे, एक बंदराकडे. आत चर्च, मठ, हवेल्या, बाजार असा सगळा संसार होता, तरी दरवाजे वाढले नाहीत. दरवाजा बांधणं सोपं, त्यावर चोवीस तास माणूस ठेवणं महाग. जमिनीकडच्या दरवाजातून आजही आत गेलात तर वाट सरळ जात नाही, वळण घेते. त्या वळणावर धावत येणाऱ्याची गती मोडते आणि वरच्या पहारेकऱ्याला आलेला माणूस नीट न्याहाळता येतो. वसई-विरारच्या नव्या गृहसंकुलांत बूम बॅरियरच्या अलीकडे गतिरोधक असतो आणि त्यावर रोखलेला कॅमेरा. ती जोडी याच घराण्यातली.

पण वसईचा सर्वांत कडक दरवाजा किल्ल्याला नव्हताच. तो समुद्रात होता आणि कागदाचा होता. 23 डिसेंबर 1534 रोजी गुजरातचा सुलतान बहादूरशहा आणि पोर्तुगीज गव्हर्नर नुनो द कुन्या यांच्यात तह झाला. हुमायूनच्या धास्तीपायी सुलतानाने वसई आणि भोवतालची बेटं पोर्तुगिजांना दिली. त्यासोबत हेही कबूल केलं की तांबड्या समुद्राकडे जाणारी गुजरातची जहाजं वसईहूनच निघतील, परतताना वसईलाच येऊन जकात भरतील आणि पोर्तुगिजांचा परवाना असल्याखेरीज कुठलंही जहाज हलणार नाही. या परवान्याला पोर्तुगीज 'कार्ताझ' म्हणत. जहाजाचं नाव, नाखवा कोण, जहाज केवढं, हत्यारं किती, जाणार कुठे आणि कोणता माल न्यायची मनाई, असा सगळा तपशील त्यावर असे. वाटेत गाठ पडली आणि कार्ताझ निघालं नाही, तर जहाज मालासकट जप्त.

आजच्या संगणकीय प्रवेश-नियंत्रणाचा सांगाडा यात आलाच आहे. कोण, कुठे, केव्हा, कोणत्या अटीवर आणि नियम मोडला तर काय, एवढंच तर ते यंत्र तपासतं. पोर्तुगिजांकडे वीज नव्हती, पण यादी होती.

पुढे कान्होजी आंग्र्यांनी हाच न्याय उलटा फिरवला. कोकण किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी गलबतांनी त्यांचं दस्तक घ्यावं, नाही तर गलबत धरलं जाईल. पोर्तुगीज आणि इंग्रज याला चाचेगिरी म्हणत. स्वतःचे परवाने मात्र दोघेही बिनदिक्कत देत होते. दार कोणाचं, यावर भांडण होतं. दाराला वही हवी, यावर तिघांचं एकमत होतं.

मे 1739 मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने वसई घेतली ती दरवाजा उघडून नव्हे. सुरुंग लावून बुरूज फोडले, तेव्हा किल्ला पडला. सुरक्षेच्या धंद्यातला हा सर्वांत जुना धडा आणि तो सर्वांत लवकर विसरला जातो. पुढच्या फाटकावर चेहरा ओळखणारं यंत्र आणि मागच्या कंपाउंडची भिंत खचलेली, असली संकुलं शोधायला फार लांब जावं लागत नाही.

देशावरच्या गावांत किल्ला नसे, पण वेस असे आणि वेशीवर वेसकर असे. हे काम वतनाने महार समाजाकडे होतं. गावात कोण आलं, कोण गेलं, परका कोणाकडे उतरला, याची खबर ठेवायची आणि पाटलाला द्यायची. ही वही कागदावर नव्हती, वेसकराच्या डोक्यात होती. आणि ज्याच्या स्मरणशक्तीवर गाव निर्धास्त झोपत असे, त्याचं स्वतःचं घर मात्र वेशीबाहेर. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात महार वतनासंबंधी विधेयक आणलं. कनिष्ठ गावकी वतनं कायद्याने संपली ती 1958 च्या कायद्यानंतर. पहारा देणारा आणि ज्याच्यावर पहारा आहे तो, हे दोघेही उतरंडीच्या खालच्याच पायरीवरचे असायचे, ही गोष्ट या कुळकथेत पुन्हा येणार आहे.

घराच्या दाराची कथा वेगळ्या वाटेने चालली. कडी-कोयंडा, आतून लावायचा लाकडी अडसर, मोठ्या वाड्यांना दिंडी दरवाजा. भल्या थोरल्या दारातल्या या छोट्या दिंडीतून एका वेळी एकच माणूस, तोही वाकून, आत येई. मेट्रो स्थानकांत फिरतं फाटक दिसतं, त्याची पणजी ही दिंडी. मग कारखान्यात बनलेलं कुलूप आलं. अर्देशीर गोदरेज यांनी 1897 मध्ये मुंबईत लालबागला कुलपं बनवायला सुरुवात केली आणि पुढच्या दोन-तीन पिढ्यांत मराठी घरात 'गोदरेजचं कुलूप' ही विश्वासाची खूण होऊन बसली. कुलूप एकच गोष्ट तपासतं, ती म्हणजे किल्ली जुळते की नाही. ती कोणाच्या हातात आहे, कितीदा फिरली, रात्री दोनला का फिरली, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

त्याच 1897 साली कलकत्त्यात जगातलं पहिलं बोटांच्या ठशांचं कार्यालय सुरू झालं. त्याआधी 1858 मध्ये बंगालमधल्या जंगीपूरला विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने एका कंत्राटदाराच्या करारावर सहीसोबत पंजाचा ठसा घेतला होता. पुढे एडवर्ड हेन्रींच्या हाताखाली अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी ठशांच्या वर्गवारीची गणिती रीत बसवली. तिला जगभर नाव मात्र साहेबाचं लागलं. मुंबईत कुलूप आणि कलकत्त्यात ठसा, दोन्ही एकाच साली मार्गी लागले. दोघांची सोयरीक व्हायला पुढे जवळजवळ शंभर वर्षं गेली.

तोवर वसई-विरारला ना कुलपाची फार चिंता होती ना ठशांची. केळीच्या आणि पानवेलीच्या वाड्या, फुलशेती, कोळीवाडे, ओट्यावर बसलेली म्हातारी माणसं. ओट्यावरची आजी हीच तिथली प्रवेश-नियंत्रण व्यवस्था. "कोनाचा रे तू?" हा तिचा एक प्रश्न पुरे. 1988 मध्ये सरकारने इथली हिरव्या पट्ट्यातली जमीन बांधकामाला मोकळी केली. त्याविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईचं आंदोलन उभं राहिलं, पण इमारतींचा लोंढा थांबला नाही. 3 जुलै 2009 रोजी वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या नगरपालिका व आसपासची गावं मिळून महानगरपालिका झाली. 2011 च्या जनगणनेत तिची लोकसंख्या 12,22,390 भरली. जिथे आजीला गाव ओळखीचं होतं, तिथे आता शेजारच्या विंगमधला माणूस अनोळखी. मग फाटकावर वॉचमन आला आणि त्याच्यापुढे टेबलावर दोरीने पेन बांधलेली वही आली: नाव, फ्लॅट नंबर, मोबाईल, आत आल्याची वेळ, बाहेर गेल्याची वेळ, सही. खासगी सुरक्षा रक्षकांच्या नोकरीसाठी आणि कल्याणासाठी महाराष्ट्राने 1981 मध्येच कायदा केला होता. वहीसाठी मात्र कुणीच कायदा केला नाही. कोणीही ती चाळावी, कोणाचाही नंबर उतरवून घ्यावा.

संगणकाने या वहीला आणि कुलपाला एका धाग्यात ओवलं. अमेरिकेत 1973 मध्ये चार्ल्स वॉल्टन यांना दाराजवळ नेताच कुलूप उघडणाऱ्या कार्डाचं पेटंट मिळालं. या जातीच्या कार्डात बॅटरी नसते. भिंतीवरचा रीडर भोवती विद्युत-चुंबकीय क्षेत्र निर्माण करतो, कार्डातल्या तारेच्या वेटोळ्यात त्यातून वीज उपजते आणि कार्ड आपला नंबर सांगतं. त्याच दशकात जॉन वीगँड यांनी एका खास तारेचा चुंबकीय गुण वापरून कार्ड वाचायची रीत काढली. ती तार आता वापरातून गेली, पण रीडरने नंबर पुढे कसा पाठवायचा याची तिची 26 बिटांची पद्धत आजही धंद्यात चालू आहे. त्यात 8 बिट जागेचे, 16 बिट कार्डाचे आणि 2 तपासणीचे. 16 बिटांत फक्त 65,536 नंबर मावतात. बारा लाखांच्या शहराला हे पुरणार कसे? म्हणजे एकाच नंबरची कार्डं शहरात दोन ठिकाणी असू शकतात. शिवाय 125 किलोहर्ट्झची साधी कार्डं विचारेल त्याला आपला नंबर सांगून मोकळी होतात आणि हातात मावणाऱ्या यंत्राने त्यांची नक्कल होते. सोसायटीला कार्डं पुरवणारा हे आपण होऊन सांगत नाही, विचारावं लागतं.

दारावर बसणारं चुंबकीय कुलूप, कारागिरांच्या बोलीत 'ईएम लॉक', जवळून पाहण्यासारखं आहे. चौकटीला विद्युतचुंबक आणि दाराला लोखंडी पट्टी, बस. आत ना दात, ना स्प्रिंग, ना खिट्टी. 12 व्होल्टचा प्रवाह चालू असला की पट्टी चिकटते आणि अडीच-पावणेतीनशे किलोच्या ओढीलाही सुटत नाही. ही पट्टी मुद्दाम किंचित डुगडुगती ठेवतात. मागे रबराची चकती असते, त्यामुळे दार थोडं तिरकं बसलं तरी पट्टी चुंबकाला सपाट भिडते. नवशिक्या माणूस स्क्रू घट्ट आवळतो आणि मग पावसाळ्यात दार फुगलं की कुलूप धरत नाही, अशी तक्रार येते. कॅनडातल्या माँट्रियल फोरम या क्रीडागृहाच्या दारांना 1969 मध्ये असं कुलूप बसलं, ते एका अडचणीतून. दारं बंद तर ठेवायची, पण आग लागली तर हजारो माणसांसाठी एका क्षणात सुटली पाहिजेत. म्हणूनच वीज गेली की हे कुलूप आपोआप उघडतं. महाराष्ट्रात आगीपासून बचावाचा कायदा 2006 चा. इमारतीचा आगीचा इशारा या कुलपांना जोडलेला आहे की नाही, ही पहिली चौकशी हवी. बॅटरी किती तास टिकते, ही दुसरी, कारण वीज जायला आपल्याकडे आगच लागायला हवी असं नाही.

रीडर आणि कुलूप या दोन वस्तूंच्या मधे, बहुधा जिन्याखालच्या एका डब्यात, खरा कारभारी बसलेला असतो: पॅनल. यादी त्याच्याकडे असते. मुख्य संगणक बंद पडला, इंटरनेट गेलं तरी तो स्वतःच्या स्मृतीवर दार सांभाळतो आणि संपर्क आला की साठलेल्या नोंदी वर पाठवतो. कामवाल्या ताईंचं कार्ड सकाळी सात ते संध्याकाळी सातपर्यंतच चालावं, जिमचं दार फक्त वर्गणी भरलेल्यांना उघडावं, हे वेळेचे पट्टे तोच पाळतो. एक कार्ड आत गेल्याची नोंद असेल आणि बाहेर पडल्याची नसेल, तर तेच कार्ड पुन्हा आत घेत नाही, म्हणजे खिडकीतून मित्राला कार्ड टाकायची युक्ती संपली. दार ठरल्याहून जास्त वेळ उघडं राहिलं तर ओरडतो. जबरदस्तीने उघडलं तर वेगळा ओरडतो. कार्ड हरवलं तर कुलूप बदलावं लागत नाही, यादीतली एक ओळ खोडली की भागतं. आणि हे सगळं तो लिहून ठेवतो, नाकारलेला प्रयत्नसुद्धा.

मग कार्डाच्या जागी बोट आलं. मुंबईचं कुलूप आणि कलकत्त्याचा ठसा एका डबीत नांदू लागले. 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातलं पहिलं आधार कार्ड दिलं गेलं. बोट दाखवून आपण कोण हे सिद्ध करायची सवय महाराष्ट्राच्या एका आदिवासी गावातून देशभर गेली. पण बोट सगळ्यांचं सारखं नसतं. भांडी घासणारीचं, सुकी मासळी चोळणारीचं, वाडीत कुदळ चालवणाऱ्याचं बोट झिजलेलं असतं, आणि झिजलेलं बोट यंत्राला ओळखू येत नाही. ज्याला दिवसातून चार दारं ओलांडायची असतात, नेमका तोच दारात अडकतो.

गेल्या दहा वर्षांत वहीची जागा मोबाईलवरच्या ॲपने घेतली. वॉचमन नाव टाकतो, घरात फोन वाजतो, आपण होकार देतो. सोय आहेच. पण फ्लॅटधारक आपल्या फाटकातून दिवसातून दहादा जातो आणि यंत्र त्याच्या गाडीचा टॅग गुपचूप वाचतं. डिलिव्हरीच्या पोराचा मात्र दर खेपेला फोटो निघतो, कामवालीची पिशवी उघडली जाते, आणि हे सगळं करणारा वॉचमन स्वतः बारा तास उभा असतो. वेशीवरचा जुना हिशेब नव्या वहीतही तसाच उतरला आहे.

सर्वोच्च न्यायालयाने 24 ऑगस्ट 2017 रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आणि 2023 मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. तेव्हा फाटकावरची नोंद ही सेक्रेटरीच्या कपाटातली बाब उरलेली नाही. तुमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत यंत्र बसवायचा ठराव आला, तर कोणत्या कंपनीचं आणि केवढ्याला, हे नंतर विचारा. आधी विचारा: नोंदी कोण पाहू शकतो? किती दिवसांनी पुसल्या जातात? भाडेकरू घर सोडून गेला, बाईंनी काम सोडलं, की त्यांचं बोट आणि फोटो यादीतून कोण काढतं? ज्यांचं बोट यंत्राला ओळखू येत नाही त्यांच्यासाठी दुसरी सोय काय? उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्यावीत, खाली सभासदांच्या सह्या घ्याव्यात आणि दरपत्रकं त्यानंतर मागवावीत.