किंकाळीतून फुटणारे हसू
भयविनोदपट आणि त्यांचा घरगुती संसार

– प्रतिनिधी

विश्वनाथाच्या ‘साहित्यदर्पणा’त हास्य आणि भयानक हे परस्परविरोधी रस मानले आहेत. एकाच प्रसंगात दोन्ही एकत्र आले तर रसभंग होतो, असा त्यामागचा विचार. स्लॅपस्टिक भयविनोदपट मात्र नेमक्या याच रसभंगावर उभे आहेत. या प्रकाराचा वस्तुपाठ म्हणून ज्याचे नाव घेतले जाते तो अमेरिकी दिग्दर्शक सॅम रायमी यांचा ‘इव्हिल डेड २’ (१९८७) आणि त्याच्या मागेपुढे आलेले दोन चित्रपट यांचा इतिहास पाहिला, तर दोन गोष्टी स्पष्ट होतात. एक म्हणजे भीती आणि हसू यांची जातकुळी फार दूरची नाही. दुसरी म्हणजे या चित्रपटांना खरा प्रेक्षक चित्रपटगृहाइतकाच, किंबहुना अधिक, घरातल्या पडद्यासमोर मिळाला.

मारपिटीचा विनोद

‘स्लॅपस्टिक’ हा शब्द इटलीच्या जुन्या लोकनाट्यातून आला. दोन फळ्या जोडून केलेली ही काठी अंगावर मारली की आवाज मोठा होई, इजा मात्र होत नसे. आवाज मोठा आणि इजा शून्य, हेच या विनोदाचे सूत्र. रायमी आणि त्यांचे मित्र ‘थ्री स्टूजेस’ या विनोदी त्रिकुटाचे भक्त. त्या त्रिकुटातील शेम्प हॉवर्ड यांचे १९५५ मध्ये निधन झाल्यावर उरलेल्या लघुपटांत त्यांच्या जागी तोंड लपवलेला बदली नट उभा करण्यात आला होता. रायमींनी आपल्या चित्रपटातील बदली नटांना ‘फेक शेम्प’ हेच नाव दिले.

‘इव्हिल डेड २’मध्ये नायक अ‍ॅश (ब्रूस कॅम्पबेल) याचा स्वतःचाच हात पिशाचाच्या ताब्यात जातो. तो हात त्याच्याच डोक्यावर बश्या फोडतो, त्याला फरफटत नेतो. अखेर अ‍ॅश यांत्रिक करवतीने तो तोडतो, बादलीखाली कोंडतो आणि बादली हलू नये म्हणून वर पुस्तके रचतो. सर्वांत वरचे पुस्तक हेमिंग्वेचे ‘अ फेअरवेल टू आर्म्स’. ‘आर्म्स’ म्हणजे शस्त्रे आणि ‘आर्म्स’ म्हणजे हातही! प्रसंग बीभत्स आहे, पण प्रेक्षक हसतो. दचकवणे आणि हसवणे या दोन्ही क्रियांचे तंत्र सारखेच असते. ताण वाढवत न्यायचा आणि अनपेक्षित क्षणी तो मोकळा करायचा. रक्त लाल सोडून हिरवे-काळे झाले, कारंज्यासारखे उडू लागले की त्यातील वास्तव संपते आणि अतिशयोक्तीची गंमत सुरू होते. न्यूझीलंडच्या पीटर जॅक्सन यांनी ‘ब्रेनडेड’ (१९९२) मध्ये गवत कापण्याचे यंत्र घेऊन प्रेतांच्या गर्दीत शिरणारा नायक दाखवून हीच वाट पुढे नेली.

कॅसेट आणि कात्री

पहिला ‘द इव्हिल डेड’ (१९८१) तुटपुंज्या पैशांत, टेनेसी राज्यातील एका ओसाड लाकडी घरात चित्रित झाला. लेखक स्टीफन किंग यांच्या कौतुकाने त्याचे नाव झाले. ब्रिटनमध्ये पॅलेस या वितरण संस्थेने १९८३ मध्ये तो चित्रपटगृहांत व कॅसेटवर जवळजवळ एकाच वेळी आणला. कॅसेटची विक्री प्रचंड झाली आणि वादळही तेवढेच उठले. घरातील मुलांच्या हाती असल्या कॅसेट पडतात, या काळजीतून ‘व्हिडिओ नॅस्टीज’ची मोहीम सुरू झाली. दुकानांतून कॅसेट जप्त झाल्या, खटले भरले गेले. १९८४ च्या कायद्याने व्हिडिओवरील चित्रपटांना प्रमाणपत्र सक्तीचे झाले. पालकांची काळजी खोटी नव्हती. पण सज्ञान प्रेक्षकालाही मूळ चित्रपट पाहण्यासाठी फार थांबावे लागले. ब्रिटनमध्ये विनाकात्री आवृत्तीला २००१ मध्ये परवानगी मिळाली.

एकाच चित्रपटाची अनेक रूपे

मालिकेतील तिसऱ्या, ‘आर्मी ऑफ डार्कनेस’चा शेवट तर मुळात वेगळा होता. अ‍ॅश झोपेचे औषध जास्त घेतो आणि उद्ध्वस्त भविष्यात जागा होतो. निर्मात्यांना तो निराशाजनक वाटला आणि दुकानातील मारामारीचा नवा शेवट चित्रित झाला. १९९३ मध्ये अमेरिकी चित्रपटगृहांत ८१ मिनिटांची आवृत्ती लागली. ९६ मिनिटांची दिग्दर्शकाची आवृत्ती आणि मूळ शेवट रसिकांपर्यंत पोहोचला तो घरगुती प्रकाशनांमुळे. अँकर बे या कंपनीने २००२ मध्ये पहिल्या भागाची डीव्हीडी चित्रपटातील शापित ग्रंथासारख्या रबरी वेष्टनात काढली. वेष्टन घडवले मूळ चित्रपटाचे कलाकार टॉम सलिव्हन यांनीच. चित्रपट संग्रही ठेवण्याची वस्तू झाली.

आपल्याकडेही भय आणि विनोदाची ही सांगड नवी नाही. महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ (१९९३) ‘चाइल्ड्स प्ले’वरून (१९८८) सुचलेला असला, तरी रामदास पाध्ये यांच्या बाहुल्यातील तात्या विंचू आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांची धांदल अस्सल मराठी आहे. चित्रपट जुना झाला, तरी तात्या विंचूचे नाव घराघरांत टिकून आहे.

तबकडीकडून आता प्रेक्षक ऑनलाइन सेवांकडे वळला आहे. ‘इव्हिल डेड राइज’ (२०२३) आधी थेट अशा सेवेसाठीच ठरला होता. नंतर तो चित्रपटगृहांत आला. या सेवांवर कोणती आवृत्ती ठेवायची आणि ती कधी काढून घ्यायची, हे प्रेक्षकाच्या हाती नसते. म्हणून या प्रकारातील चित्रपट पाहताना वा विकत घेताना नावाबरोबर लांबीही तपासावी. ‘ब्रेनडेड’ हाच चित्रपट अमेरिकेत ‘डेड अलाइव्ह’ नावाने, ९७ आणि ८५ अशा दोन वेगवेगळ्या लांबीत निघाला होता. मूळ लांबी १०४ मिनिटांची आहे. बारा-पंधरा मिनिटांची कात्री लागली की भीती कशीबशी तगते. पण नेमक्या क्षणावर बेतलेला विनोद हमखास मरतो.